हवामान कोपरा आणि जयमालाताईंच्या कुरड्या

शाळेतला उपक्रम आपोआप चालला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. मुलांनी करावा, मुलांनी सांभाळावा आणि मॅडमनी खुर्चीवर बसून अधूनमधून 'छान' म्हणावं. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा उपक्रम मला काही सापडला नव्हता. यंदाच्या मार्चमध्ये सापडला! मी शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मी धम्मशीला हिवराळे. संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी पिंपळडोह नावाचं गाव आहे, तिथल्या प्राथमिक शाळेत शिकवते. शाळा दोन शिक्षकी. दुसरे शिक्षक म्हणजे आमचे मुख्याध्यापक शंकरराव सर. ते निवृत्तीला आलेत आणि त्यांचा सगळा दिवस मोबाईलवर येणाऱ्या लिंका भरण्यात जातो. म्हणून चारही वर्ग मीच सांभाळते. वरच्या ऑफिसातून दर महिन्याला एक विषय येतो. जानेवारीत आम्ही परसबाग केली, ती गावातल्या शेळ्यांनी खाल्ली. फेब्रुवारीत कागदी पिशव्या केल्या, त्यांचं पुढे काय झालं ते मी कोणाला सांगत नाही. मार्चमध्ये विषय आला, हवामान.

इतर शाळांचे फोटो ग्रुपवर धडाधड पडायला लागले. कोणी बाटली कापून पर्जन्यमापक केला, कोणी पुठ्ठ्याचा कोंबडा करून वाऱ्याची दिशा दाखवली. एका मॅडमनी तर पातेल्यात पाणी उकळून वर्गात ढग तयार करून दाखवला होता. त्या मॅडम तरुण होत्या, त्यांचं मी मनावर घेतलं नाही.

मी काय केलं, एक मोठा पुठ्ठा घेतला. त्यावर महिन्याच्या तारखांच्या चौकटी आखल्या आणि तो व्हरांड्याच्या बाहेरच्या भिंतीला लावला. वर लिहिलं, 'हवामान कोपरा'. ऊन असेल तर पिवळ्या कागदाचा सूर्य, ढग असतील तर कापूस, पाऊस असेल तर निळी छत्री. रोज परिपाठ झाला की एका मुलानं बाहेर जायचं, वर बघायचं आणि दिसेल ते चिकटवायचं. दिसेल तेच, मनचं काही नाही, एवढं एकच मी शिकवलं. कापसाची आमच्याकडे ददात नाही. दुसरीतल्या चिन्मयनं पहिल्याच दिवशी घरून एवढा आणला की त्यात अख्खा पावसाळा भागला असता.

चिकटवायचं काम चौथीतल्या छकुलीनं स्वतःहून घेतलं. ही पोरगी फार गंभीर. बाकीची मुलं आभाळाकडे एकदा बघून आत पळतात. ही अंगणाच्या मधोमध उभी राहून, कपाळावर हात धरून, चारी बाजूंना बघून घेणार आणि मग येऊन डिंकाची बाटली उघडणार. मला 'छान' म्हणण्यापलीकडे काम उरलं नाही. असे सुखाचे दिवस मी कधी बघितले नव्हते.

महिना अर्धा झाला आणि शंकरराव सर मोबाईल हातात धरूनच वर्गात आले.

"मॅडम, तो चार्ट पूर्ण भरेल पाहिजे. फोटो आजच जाईल. लिंक उद्या बंद होऊन राह्यली."

"सर, महिना अर्धाच झालाय. पुढचे दिवस अजून यायचेत."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "येतीन न. आपल्याकडं माहिती आधी जाते, दिवस मागून येतात. इतकी वर्षं नोकरी केली तुम्ही, अन् हे मीच सांगू काय?"

यात खोटं काही नव्हतं. 'पावसाळ्यात घ्यावयाची काळजी' याचा अहवाल मागच्या वर्षी आम्ही एप्रिलमध्ये पाठवला होता, तोही फोटोंसह. फोटोत मुलं भर उन्हात छत्र्या धरून उभी होती. त्यामुळे मी जास्त वाद घातला नाही. छकुलीला बोलावलं आणि म्हटलं, "पुढच्या चौकटीही भरून टाक बेटा."

छकुली जागची हलली नाही. "मॅडम, ते दिवस तं अजून दिसून नाई राह्यले."

"मनानं भर."

"तुमीच म्हनलं होतं, मनचं नाई लावायचं."

"आजच्या दिवस लाव."

तिनं मान डोलावली, पण ती काही खूश दिसली नाही. सूर्य लावत गेली. शेवटी पिवळा कागद संपला, तेव्हा दोन ठिकाणी कापूस लावला. मधली एक चौकट सुटून गेली होती, तिथं कापून ठेवलेली निळी छत्री लावली. सरांनी फोटो काढला, लिंक भरली, वरून अंगठ्याचं चित्र आलं. मी चार्ट तसाच भिंतीवर राहू दिला. पुढचं सगळं आधीच लागलंय म्हणजे रोजचं 'छान'सुद्धा वाचलं, असा माझा विचार.

आणि नेमक्या छत्रीच्या दिवशी गारपीट झाली.

सकाळी कडक ऊन होतं. सकाळची शाळा सुटली, मी स्कूटीवर घरी संग्रामपूरला पोचले, आणि दुपारी सातपुड्याकडून आभाळ काळंभोर होऊन आलं. गारा अशा पडल्या की माझ्या अंगणातली तुळशीची कुंडी फुटली. संध्याकाळपर्यंत पुन्हा चकचकीत ऊन. मार्चमध्ये आमच्याकडे हे होतं, त्यात नवल नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत गेले तर व्हरांड्यासमोर अर्धं गाव उभं. मला वाटलं, शाळेचं छप्पर गेलं. बघते तर छप्पर जागेवर होतं आणि सगळे चार्ट बघत होते.

पुढे माणिकराव. माणिकराव म्हणजे छकुलीचे आजोबा, गावातला वजनदार माणूस. त्यांनी काठीचं टोक छत्रीवर टेकवलेलं.

"मॅडम, तुमाले आधीच मालूम होतं. अन् गावाले सांगतलं नाई."

"काका, ते मुलीनं असंच चिकटवलं हो. फोटो काढायचा होता म्हणून."

"असंच कसं? मंग बाकीच्या दिवशी काऊन नाई चिकटवली छत्री?"

"पिवळा कागद संपला होता."

माणिकराव लोकांकडे वळले. "ऐकलं काय? कागद संपला. नेमका त्याच दिवसाचा संपला."

लोकांनी माना हलवल्या. मी आणखी काही बोलले, पण ते कोणाच्या कानावर गेलं नाही.

आता बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं की आमच्या भागात अंदाजाला कोणी हसत नाही. भेंडवळ आमच्यापासून फार लांब नाही. तिथं अक्षय तृतीयेला शेतात घट मांडतात, भोवती धान्य ठेवतात, मध्ये घागर आणि घागरीवर पापड-कुरडई. दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं, काय जागेवर राहिलं, त्यावरून वर्षाचा पाऊस सांगतात. ते ऐकायला लांबून लोक येतात. अशा मुलखात मी भर रस्त्याच्या बाजूला, तारीखवार चौकटी आखून, पुढच्या दिवसांचं हवामान भिंतीवर टांगून ठेवलं होतं. हे मला सुचायला हवं होतं, पण मी तेव्हा 'छान' वाचवण्याच्या आनंदात होते.

"भेंडवळले तं वर्षाचं सांगतेत," माणिकराव जाता जाता म्हणाले. "आपल्या शाळेत दिवसाचं हाये."

त्या दिवसापासून परिपाठाच्या आधीच व्हरांड्यात माणसं जमायला लागली. कोणी हरभरा काढायचा की नाही ते बघून जाई, कोणी घरावरचे पत्रे बदलायचा मुहूर्त पाही. शंकरराव सर तर हरखून गेले. पालकसभेला या गावात कधी माणूस फिरकला नव्हता. "लोकसहभाग मॅडम, लोकसहभाग," असं म्हणत त्यांनी गर्दीचेही फोटो काढले. मी मात्र रोज दारातच अडकायची, आणि रोज तेच सांगायची, की मला काही कळत नाही. मी जितकं नाही म्हणे, तितका लोकांचा विश्वास वाढे.

एका सकाळी जयमालाताई आल्या. जयमालाताई गावात शिवणकाम करतात. नवरा सुरतला कामाला, त्यामुळे घरचं-दारचं सगळं त्यांच्याच अंगावर. त्यांच्या मुलीचं, करिष्माचं लग्न एप्रिलच्या शेवटी ठरलं होतं. मुलाकडचे खामगावचे, चांगली माणसं. देणंघेणं नको, मानपान नको. मुलाची आई एवढंच म्हणाली होती की रुखवतात कुरड्या घरच्या हातच्या हव्यात, विकतच्या मला लगेच ओळखू येतात. मागणं एवढं एकच, त्यामुळे ते चुकवण्याची काही सोयच नव्हती. जयमालाताईंनी त्यासाठी पोतंभर गहू बाजूला काढून ठेवला होता.

"मॅडम, मले निसते कोरडे दिवस सांगा," त्या पायरीवर बसत म्हणाल्या. "गहू भिजू घातले का मंग मागं फिरता येत नाई. चीक काढला अन् आभाळ आलं, तं सारं आंबून जाईन. पुन्हा पोतंभर गहू मी कुठून आनू?"

"ताई, मोबाईलमध्ये बघा ना. त्यात हवामान येतं."

"पाह्यतो न मी. तो रोजच 'शक्यता' म्हनते. शक्यतेवर कोनी गहू भिजवते काय?"

"ताई, खरंच सांगते, मला नाही माहीत."

त्यांनी माझ्याकडे बघून समजूतदारपणे मान हलवली. "नका सांगू. सांगायची बी येळ असते. मी समजतो."

मी ठरवलं की हा चार्टच काढून टाकायचा. महिना संपलाच होता. मी पुठ्ठा उतरवला, घडी घालून कपाटामागे सरकवला आणि हात झटकले. कोपरा नाही, तर कटकट नाही.

दुसऱ्या दिवशी गावात पोचले तर लोक कडबा आत भरत होते. एका घरी अर्धाकच्चा कांदा उपटून ओसरीत आणलेला. कोणाच्या तरी नातवाचं जावळ पुढे ढकललं होतं. शाळेच्या दारात जयमालाताई उभ्या, चेहरा उतरलेला.

"एवढं काय दिसलं तुमाले मॅडम?"

"काही नाही दिसलं ताई."

"मंग लपवलं काऊन?"

मी दप्तर खाली न ठेवताच एप्रिलचा नवा पुठ्ठा आखला आणि भिंतीला लावला. कोरा. म्हटलं, आता तरी समाधान होईल. माणिकरावांनी त्या कोऱ्या चौकटी काठीच्या टोकानं एकेक करून मोजल्या. मग हळूच म्हणाले, "कोरंच ठेवलं."

"दिवस यायचेत ना काका अजून."

"येतीन न पन?"

त्यांच्या आवाजात खरीच काळजी होती. मला हसू आलं नाही, नुसता थकवा आला. एवढ्या माणसांना एप्रिल येणार की नाही याची धास्ती घालणारी मी कोण? दुपारी संग्रामपूरहून पिवळे कागद आणले आणि महिन्याच्या एकूण एक चौकटींत सूर्य चिकटवून टाकले. छकुली बाजूला उभी राहून बघत होती. तिनं दोनदा हात पुढे केला, पण मी घाईत होते. माझं मीच उरकलं.

गाव एकदम निवांत झालं. कडबा बाहेर आला, जावळाची तारीख लागली. आणि जयमालाताईंनी त्याच दिवशी पोतंभर गहू भिजू घातला.

हे मला संध्याकाळी कळलं. आतापर्यंत जे झालं ते हसण्यावारी नेता येत होतं. पण आता एका आईनं, मी स्टुलावर चढून घाईघाईत चिकटवलेल्या कागदांवर, लेकीच्या लग्नाचा गहू पाण्यात घातला होता. कुरड्यांसाठी गहू तीन दिवस भिजतो, रोज त्याचं पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, शिजवायचा, साच्यातून घालायच्या, आणि त्या दिवशी, म्हणजे रविवारी, ऊन नसेल तर सगळं मातीमोल. मी आयुष्यात पहिल्यांदा रोज आभाळाकडे बघायला लागले. जेवता जेवता खिडकीशी जायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातपुड्यावर ढग दिसले आणि मी स्कूटी काढून सरळ जयमालाताईंचं घर गाठलं.

ताई अंगणात घंगाळ्यातला गहू चोळत होत्या. करिष्मा बाजूला बसून साच्याला तेल लावत होती.

"ताई, ऐका. ते सूर्य मी लावलेत. तुम्हाला धीर यावा म्हणून. मला आभाळातलं काही कळत नाही."

ताईंचा हात पाण्यातच थांबला. "तुमी लावले?"

"हो."

"छकुलीनं नाई?"

"नाही. सगळे मीच."

"म्हून म्हनतो, सूर्य असे वाकडे काऊन दिसून राह्यले." त्या उठल्या, पदराला हात पुसले, चपला घातल्या आणि तडक माणिकरावांच्या घराकडे निघाल्या. मला वाटलं होतं की खरं सांगितलं की विश्वास उडेल आणि मी सुटेन. विश्वास उडाला, पण फक्त माझ्यावरचा.

पुढच्या पाच मिनिटांत आम्ही सगळे शाळेच्या व्हरांड्यात होतो. छकुलीला झोपेतून उठवल्यासारखी आणली होती, पण ती झोपेत नव्हती, रुसलेली होती. माणिकरावांनी तिला स्टुलावर उभं केलं.

"सांग बाप्पा, आइतवारी काय लावतं?"

छकुलीनं डोंगरावरच्या ढगांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, फ्रॉकच्या खिशातून निळी छत्री काढली आणि रविवारच्या सूर्यावर चिकटवून दिली. जयमालाताई पायरीवर बसून बोटांवर उरलेले दिवस मोजायला लागल्या.

मी छकुलीला बाजूला घेतलं. "का गं, छत्री का लावलीस?"

"सूर्य तं सारे तुमीच लावले," ती म्हणाली. "माह्याजोळ छत्रीच उरली होती."

हे मी माणिकरावांना शब्दशः सांगितलं. ते म्हणाले, "उरनच न. तिले मालूम होतं का लागन."

गहू भिजलेला होता, आता थांबणं शक्य नव्हतं. माणिकरावांनी तोड काढली. कुरड्या रविवारीच घालायच्या, पण उघड्यावर नाही, शाळेच्या खोल्यांमध्ये. बेंच गावानंच लोकवर्गणीतून दिलेत, वर पंखे आहेत, पाऊस आला तरी थेंब लागणार नाही. शंकरराव सरांना फोन केला तर ते जळगावला साखरपुड्यात होते. "किल्ली देऊन टाका मॅडम," ते म्हणाले. "अन् फोटो तेवढे काढजा." म्हणजे माझा रविवारही गेला.

रविवारी उजाडता उजाडता खिचडीच्या शेडमध्ये चुली पेटल्या. चीक शिजवायला एवढ्या बाया आल्या होत्या की माझ्या वर्गात कधी एवढी हजेरी लागली नाही. गरम चिकाच्या वाट्या मुलांना मिळाल्या, मलाही मिळाली, आणि ती खाताना मला क्षणभर सगळं जग चांगलं वाटलं. बेंचांवर जुनी लुगडी अंथरून कुरड्या घातल्या गेल्या. खोल्या भरल्या. ओली हवा आत यायला नको म्हणून माणिकरावांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या.

आणि सूर्य वर आला. असं ऊन मी त्या महिन्यात बघितलं नव्हतं. अंगणातल्या मातीवर पाय ठेववत नव्हता. डोंगरावर ढगाचं नाव नाही. आभाळ नुसतं धुतल्या ताटासारखं. बाहेर हे ऊन आणि आत बंद खोलीत जयमालाताईंच्या कुरड्या. त्यातच वीज गेली.

बाया परिसर अभ्यासाच्या पुस्तकांनी वारा घालायला लागल्या. थोड्या वेळात खोलीत आंबूस वास यायला लागला. जयमालाताईंनी एका कुरडईला बोट लावलं, बोटाला चीक आला. पदराला बोट पुसलं आणि दुसऱ्या कुरडईला लावलं. करिष्मा आईकडे बघत होती. मला फार वाईट वाटलं. मी कितीही थकलेली असले तरी एवढं बघवत नाही.

"काका, बेंच बाहेर काढा," मी म्हणाले. "जरा वर बघा तरी."

"पाह्यतो न मॅडम. मांगच्या खेपीबी सकायी असंच कोरडं आभाय होतं. अन् दुपारी काय झालं?"

"पण ती छत्री उगाच लावली होती."

"मांगची बी उगाचच लावली होती."

मी थकले की माझी शाळेतली भाषा सुटते आणि घरची येते. "अहो काका, आंबून राह्यलं न सारं! पोरीच्या लग्नाचं हाये. कोनी तरी आयका न माह्यं." कोणी बेंचाला हात लावला नाही. जयमालाताईंनीसुद्धा नाही. त्या माझ्याकडे आणि छत्रीकडे आळीपाळीनं बघत होत्या, आणि मला कळत होतं की त्यांनाही बेंच उचलायचा आहे, पण हिंमत होत नाही.

मी व्हरांड्यात गेले. छकुली चार्टजवळ बसली होती, मांडीवर डिंकाची बाटली.

"छकुली," मी तिच्याजवळ खाली बसले. "माझं चुकलं बेटा. पुढचे दिवस तुला भरायला लावायला नको होते. आता तू सांग, काय करू?"

तिनं थोडा विचार केला. "मॅडम, तवा दिवस दिसून नव्हता राह्यला. आता तं दिसून राह्यला. आता लावू काय, दिसते ते?"

ती अंगणाच्या मधोमध गेली. कपाळावर हात धरला. डोंगराकडे बघितलं, नदीकडे बघितलं, संग्रामपूरच्या रस्त्याकडे बघितलं. मग येऊन छत्री उचकटली. खालचा सूर्यही फाटून तिच्याबरोबर निघाला. छकुलीनं नवीन कागद घेतला, गोल कापला, चिकटवला आणि अंगठ्यानं दाबून बसवला.

"सूर्य लावला!" दारातून कोणीतरी ओरडलं.

एवढंच हवं होतं. दारं उघडली. बाया, पोरं, माणिकराव, सगळ्यांनी बेंच धरले आणि कुरड्यांसकट बाहेर आणले. अख्खी शाळा अंगणात आली. जयमालाताई एका बेंचावरून दुसऱ्या बेंचाकडे जात कुरड्या उलट्या करत होत्या, मध्येच डोळे पुसत होत्या, आणि धूर गेला डोळ्यात म्हणत होत्या. चूल कधीच विझली होती. दिवस मावळताना त्यांनी एक कुरडई उचलून माझ्या कानाशी मोडली. कटकन आवाज आला. चार-दोन बेंचांवरच्या गेल्या होत्या, बाकी साऱ्या वाळल्या होत्या. रुखवत वाचलं.

मी एवढी मोकळी झाले की तिथंच भाषण केलं. "बघितलं काका? छत्री लावली होती, पण थेंबही आला नाही. आणि पोरीनं शेवटी काय केलं? वर बघितलं आणि दिसलं ते लावलं. एवढाच हा उपक्रम आहे. आभाळ आधी, चार्ट नंतर."

माणिकरावांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

"सारं समजलं मॅडम," ते म्हणाले. "आधी पोरगी निसतं सांगे. आता तं बदलवूनबी देते."

मी खुर्चीवर बसले.

चार दिवसांनी जयमालाताई शाळेत आल्या. हातात माझ्यासाठी कुरड्यांची पिशवी. थोडा वेळ पायरीवर घुटमळल्या.

"मॅडम, लग्न दुपारचं हाये. मांडव उघड्यावर हाये. सूर्य तं पाहिजेच, पाऊस नको. पन जरासा बारीक कापता आला तं..." त्यांनी बोटांनी माप दाखवलं. "पावन्याइले तरास नको."

छकुली त्या दिवशी तापानं घरी होती. ताई आशेनं माझ्याकडे बघत होत्या. मी तोंड उघडलं. सूर्य, पृथ्वी, अक्षांश, सगळं ओठांवर आलं. मग म्हटलं, जाऊ दे. मी कात्री घेतली आणि मोठ्या टिकलीएवढा सूर्य कापून लग्नाच्या तारखेवरचा मोठा सूर्य काढून त्याच्या जागी लावून दिला. ताई समाधानानं घरी गेल्या.

लग्नाच्या दिवशी काय ऊन होतं! मांडवाचं कापड तापलं होतं, अक्षता घामानं हाताला चिकटत होत्या. जेवणाच्या पंगतीत मुलाच्या आईनं कुरडई हातात घेतली, मोडली, तोंडात टाकली. जयमालाताई माझ्या शेजारी येऊन बसल्या. मुलाची आई शांतपणे चावत राहिली. मग म्हणाली, "हं, घरच्या आहेत." जयमालाताईंनी माझा हात इतक्या जोरात दाबला की माझी बांगडी फुटली.

"बाकी सगळं उत्तम," मुलाची आई पदरानं मान पुसत पुढे म्हणाली, "पण काय हो हे ऊन?"

वाढपी म्हणून उभे असलेले माणिकराव वाकले आणि तिला समजावून सांगायला लागले. "पोरगी बिमार होती न बाई. मॅडमनं कापला. बारीकच सांगतला होता, पन मॅडमचा हात मोठा पडला."

अख्खी पंगत वळून माझ्याकडे बघायला लागली. आणि मी, विज्ञानाची पदवी घेतलेली बाई, उठून मुलाच्या आईजवळ गेले आणि उन्हाबद्दल तिला सॉरी म्हणाले.